आत माणूस आहे

सुंदराला पार्कात झाडूवाली म्हणून ठेवलं होतं. पण नवरा होडीखाली शिरला की हातातला झाडू भिंतीला टेकवून ती बटणापाशी जाऊन उभी राहायची. हे काम तिला शेठनं दिलेलं नव्हतं, मॅनेजरनं दिलेलं नव्हतं. नवऱ्यानं दिलं होतं.

सुरतेजवळ, कडोदऱ्याच्या पुढे, हायवेला लागून तो पार्क होता. साड्यांच्या धंद्यात हात धुऊन घेतलेल्या एका शेठनं उसाचं रान विकत घेऊन तिथे पाळणे उभे केले होते. आकाशपाळणा, घोड्यांची चक्री, पोरांची आगगाडी, आणि सगळ्यांत मोठी ती होडी. लोखंडी खांबांना टांगलेली, दोन्ही टोकांना माणसं बसवून झुलणारी. होडी वर जाताना लोक किंचाळायचे, ते चलथाणच्या बाजूला उसात काम करणाऱ्यांनाही ऐकू जायचं म्हणे. होडीच्या पोटाखाली खड्डा होता. खड्ड्यात मोटर आणि ट्रकचं एक मोठं टायर. मोटर चालली की टायर फिरायचं, वर उचललं जायचं आणि होडीच्या तळाला घासून तिला झोका द्यायचं. टायर झिजायचं, बोल्ट सैल व्हायचे, ग्रीस वाळायचं. मग फळ्या काढून कोणीतरी त्या खड्ड्यात उतरायचं. तो कोणीतरी म्हणजे भिकन.

भिकन खान्देशातला, साक्रीकडचा. उधन्याच्या लूमखात्यात, यंत्रमागांवर, त्याची जवानी गेली. शेकडो लूम एकदम चालतात तिथला तो आवाज बाहेरच्या माणसाला पाच मिनिटं सोसवत नाही. भिकननं तो इतकी वर्षं सोसला की उजवा कान गेला आणि डाव्यात नुसती घरघर उरली. मग खात्यात मंदी आली, माणसं कमी झाली, आणि ओळखीच्या एकानं त्याला पार्कात फिटर म्हणून आणलं. जनरेटरच्या मागे पत्र्याची एक खोली मिळाली. सुंदराला झाडूचं काम मिळालं. मुलगी वर्षा होती, तिला उधन्याच्या मराठी शाळेत घातलं. कडोदऱ्याहून रिक्षात दाटीवाटीनं बसून ती जायची. खोलीला खिडकी होती, दाराबाहेर तुळस लावायला जागा होती. सुंदराला वाटायचं, आपलं नशीब आता जरा जमिनीला लागलंय.

भिकनची एकच अडचण होती. खड्ड्यात उतरलं की वरून कोणी हाक मारली, शिट्टी मारली, तर त्याला कळायचं नाही. आणि होडीची बटणं होती पलीकडच्या केबिनमध्ये. केबिनमधून खड्डा दिसत नव्हता. सुरुवातीला भिकन मेन स्विच पाडून, त्यातले फ्यूज काढून खिशात घालायचा. पण त्याच मेनवर घोड्यांची चक्री चालायची. एकदा रविवारी चक्री मधेच थांबली, पोरं रडायला लागली, आयाबाया मॅनेजरच्या अंगावर धावून गेल्या. तेव्हापासून मेनला हात लावायचा नाही, असं ठरलं. म्हणून भिकननं सुंदराला बोलावलं. बटणांच्या पेटीपाशी नेऊन तिला उभं केलं आणि त्याच्या त्या मोठ्या, बहिऱ्या आवाजात सांगितलं, "तू आठे उभी ऱ्हाय. कोनीबी उना ते सांग, मझार मानूस शे."

आत माणूस आहे, एवढंच सांगायचं. सुंदराला मशीनचं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ती उभी राहायची. होडी चालवणारा बनमाळी नावाचा ओडिया गडी होता. तो तिला बघून हसायचा, बिडी ओढायला जायचा. त्याला भाषेचीही गरज नव्हती. ती पेटीपाशी दिसली की आत काम चालू, ती झाडू घेऊन चालायला लागली की काम संपलं. हळूहळू सगळ्यांनाच ते अंगवळणी पडलं. मॅनेजर मनहरभाई लांबूनच बघायचे. सुंदरा उभी आहे? मग होडी बंद. सुंदरा नाही? मग चालू करा.

मनहरभाई वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगायला हवं. मजुरांशी ते मोडक्या मराठीत बोलायचे. वर्षाची दाढ सुजली तेव्हा स्वतःच्या स्कूटरवर बसवून त्यांनीच तिला डॉक्टरकडे नेलं होतं. सुंदराला ते सुंदराबेन म्हणायचे, आणि ते बेन नुसतं जिभेवरचं नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर सुरतेत प्लेग आला. कोणी म्हणे माणसं रस्त्यात पडतायत, कोणी म्हणे पाणीच विषारी झालंय. दोन दिवसांत वस्त्या रिकाम्या झाल्या. नंदुरबारकडे जाणाऱ्या गाड्यांच्या टपांवर माणसं बसली. पार्काला कुलूप लागलं. भिकन, सुंदरा आणि वर्षा तोंडाला फडकी बांधून एका ट्रकमधून साक्रीला गेले. गावच्या लोकांनी त्यांना काही दिवस वेशीबाहेरच्या खळ्यात ठेवलं. सुरतहून आलेल्या माणसाला कोणी हात लावेना.

भीती ओसरली तसा मनहरभाईंचा निरोप आला. दिवाळीत पार्क उघडायचाच, शेठची जिद्द आहे, ताबडतोब या. भिकन म्हणाला जाऊ. गावात काय होतं? भावाच्या घरात तीन तोंडं वाढवून किती दिवस बसणार?

परत आले तेव्हा पार्क ओळखू येत नव्हता. गवत गुडघ्याएवढं. आकाशपाळण्याच्या डब्यांत कबुतरांनी अंडी घातलेली. होडीखालच्या खड्ड्यात पाणी साचून मोटरला गंज चढलेला, टायरला भेगा. आणि माणसं नाहीत. निम्मे गडी गावीच राहिले होते. बनमाळीचा तर पत्ताच नव्हता. ओरिसाला गेला तो गेलाच. भिकन एकटा सगळे पाळणे बघत होता. दिवसभर खाली, वर, आत, बाहेर. सुंदरा झाडू मारायची, गवत कापायची, कबुतरांची घाण काढायची, आणि मधेमधे पेटीपाशी उभी राहायची.

धनत्रयोदशीला उद्घाटन होतं. शेठचे व्याही नवसारीहून येणार होते. त्या दिवशी दुपारपर्यंत होडी तयार नव्हती. मोटर चालू केली की सगळा सांगाडा थरथरायचा. भिकन पाना घेऊन खड्ड्यात उतरला. सुंदरा पेटीपाशी उभी राहिली.

तेवढ्यात मनहरभाई धावत आले. अंगात नवा सफारी, कपाळावर घाम. "सुंदराबेन, गेटवर ढोरं शिरली. सगळं शेण करून ठेवलं. रांगोळी पण तुडवली. जा, जा, साफ कर."

"साहेब, ते आत आहेत," ती म्हणाली.

"मी हाय ना. मी उभा राहतो. तू जा."

ती घुटमळली. मनहरभाई खरंच तिच्या जागेवर येऊन उभे राहिले, पेटीला पाठ लावून. "पाच मिनिट," ते म्हणाले. "जा बेन, शेठ माझा जीव घेतील."

ती गेली. गेटवर गाई होत्या, त्यांना हाकललं. शेण भरलं, पाणी मारलं. रांगोळीवाली पोरगी नव्यानं ठिपके घालत होती, तिला सुंदरानं रंगाचे डबे काढून दिले. गेटमधून कोणी पाहुणे आले नाहीत. ते आले मागच्या रस्त्यानं, शेठच्या बंगल्याकडून. आणि सुंदराच्या कानावर तो आवाज आला. टायर लोखंडाला घासतं तो. आधी हळू, मग किंचाळल्यासारखा.

पुढे कितीतरी वर्षं लोक तिला विचारायचे, काय दिसलं तुला? तिला आठवतं ते एवढंच, की ती धावत होती आणि चपला पायात नव्हत्या. होडी एकदा वर गेली, परत आली आणि थांबली. मनहरभाईंचा हात पेटीवर होता. त्यांच्या बाजूला व्याह्यांची नात टाळ्या वाजवत होती, तिला अजून कळलं नव्हतं. मनहरभाईंनी सुंदराला धावत येताना बघितलं आणि त्यांचं तोंड उघडं पडलं. मग त्यांनी खड्ड्याकडे बघितलं.

भिकन मेला नाही. होडीचा तळ आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये त्याची कंबर सापडली होती. उरलेल्या फळ्या उखडून त्याला काढलं, टेम्पोत घालून सुरतेच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. बाहेर फटाके वाजत होते. प्लेगमधून वाचलेलं शहर त्या वर्षी जरा जास्तच फटाके वाजवत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, जीव राहील, पण कमरेखाली आता काही राहणार नाही.

"दुखस का काही?" सुंदरा त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन विचारायची.

"दुखतं ते बरं व्हतं," तो म्हणायचा; काही दुखलं असतं तरी त्याला चाललं असतं.

मनहरभाई भाऊबीजेला दवाखान्यात आले. हातात सफरचंदांची पिशवी. भिकन औषधाच्या गुंगीत होता. त्यांनी सुंदराला बाहेर जिन्यापाशी नेलं आणि काही बोलायच्या आधी रडायला लागले. पांढऱ्या केसांचा माणूस, कठड्याला धरून हमसून हमसून रडत होता. येणारे-जाणारे वळून बघत होते.

"पाहुणे मागून आले," ते म्हणाले. "शेठनं बोलावलं. मी गेलो सामोरा. हार घातले, सरबत दिलं. मग फिरवत फिरवत होडीपाशी आणलं. ती बच्ची म्हणाली, चालू करा, चालू करा. मी बघितलं. तू पेटीपाशी नव्हतीस. तू दिसली नाय, सुंदराबेन. मला वाटलं, आत कोण नाय."

"तुम्हीच पाठवलंत मला," सुंदरा म्हणाली.

"हो."

"तुम्ही उभे राहिला होतात."

"हो. मी विसरून गेलो. मीच उभा होतो, ते मीच विसरलो."

तिला त्या क्षणी त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, जिन्यावरून ढकलावंसं वाटलं. पण समोरचा माणूस इतका चोळामोळा झाला होता की त्याला ढकलून पडणार तरी काय होतं? ती भिंतीला टेकून खाली बसली. ती इतके दिवस पेटीपाशी उभी राहिली, त्याचं हे झालं होतं. तिच्या उभं राहण्यानं भिकन वाचत होता खरा. पण तिच्या नसण्याचा अर्थ लोकांनी लावून घेतला होता, आणि तो अर्थ लावायला तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं.

जाताना मनहरभाई म्हणाले, "शेठ म्हणतात, पोलिसात नाव बनमाळीचं लिहिलंय. तो तसाही परत येणार नाय. तू काय बोलू नको. खोली तुमची राहील, दवापाणी शेठ बघतील, तुझं काम चालू राहील. मी बोललो तर मला काढतील, बेन, आणि तुमचंही कोण बघणार नाय."

म्हणजे जो गडी प्लेगच्या भीतीनं ओरिसाला पळाला आणि परत आलाच नाही, त्यानं धनत्रयोदशीच्या दिवशी सुरतेत बटण दाबलं, असं ठरलं. पोलीस दवाखान्यात येऊन गेला. सुंदराला विचारलं, तू कुठे होतीस? गेटवर, ती म्हणाली. बटण कोणी दाबलं? मी गेटवर होते, ती पुन्हा म्हणाली. पोलिसानं मान हलवली. त्याला एवढंच हवं होतं.

भिकनला खोलीत आणलं. दारासमोरची तुळस हलवून तिथे त्याची खाट सावलीत ठेवायची सोय केली. तो दिवसभर वळचणीच्या पत्र्याकडे बघायचा. एक दिवस सुंदरा त्याची पाठ पुसत असताना तो म्हणाला, "तू कोठे गयथी व, त्या दिवशी?"

इतके दिवस तिला वाटत होतं की हा विचारील. त्यानं विचारलं तेव्हा तिनं हातातलं फडकं बादलीत टाकलं. तिनं त्याच्या कानात सगळं सांगितलं. गाई, रांगोळी, मनहरभाईंचा शब्द, जिन्यावरचं रडणं. सगळं. भिकननं खाटेची कड धरून ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोलिसले सांगू नको. कोनलेच सांगू नको. खोली जाई."

झालं. त्या विषयावर नवरा-बायकोत पुन्हा बोलणं झालं नाही.

लोकांमध्ये मात्र बोलणं होतच होतं. पार्कात नवे गडी आले, त्यांना जुने सांगायचे: भिकनची बायको स्विचवर उभी असायची, त्या दिवशी जागा सोडून रांगोळी बघायला गेली, आणि बनमाळीनं बटण दाबलं. सांगताना कोणाच्या मनात वाईट नसायचं. अशी गोष्ट सांगायची म्हटली की ती अशीच सांगितली जाते. वर्षानंही ती कुठूनतरी ऐकली. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची झाली होती, गुजराती मैत्रिणींमध्ये रमलेली. संध्याकाळी भाकरीला बसली आणि आईकडे न बघता म्हणाली, "आई, तू रांगोळी बघायला गेली होतीस?"

सुंदरानं तिलाही खरं ते सांगितलं.

"मग पोलिसाला का नाही सांगितलंस?"

सुंदराकडे उत्तर होतं. खोली, औषधं, शाळा, तू. पण मुलीला हे कसं सांगायचं, की तुझ्या भाकरीसाठी मी खोटं गिळलं? ती गप्प राहिली. वर्षानं ताट सरकवलं. ज्या गोष्टीवर आईनं तोंड उघडलं नाही, ती गोष्ट खरी कशी असेल, असं तिला वाटलं असणार. तिचं तरी काय चुकलं?

फिटरची जागा रिकामी राहणार नव्हती. भिकनच्या बहिणीचा मुलगा लखन लूमवर होता, तो म्हणाला, मामी, मी येतो. सुंदरानं त्याला हात जोडले, पाया पडते पण येऊ नको म्हणाली. पण खोली फिटरची होती. दुसरा फिटर आला तर त्याला खोली द्यावी लागणार, हे लखनला माहीत होतं. तो आला. पहिल्याच दिवशी खड्ड्यात उतरायच्या आधी त्यानं तिला हाक मारली, "मामी, जरा उभी राहा ना पेटीपाशी."

"मी नाही उभी राहणार," सुंदरा म्हणाली.

"मामी?"

"माणसाचा भरवसा नाही. माझाही नाही. कुलूप लाव."

ती तशीच मनहरभाईंकडे गेली. ऑफिसात दोन गिऱ्हाईकं बसली होती, ती जाईपर्यंत दारात उभी राहिली. मग म्हणाली, "साहेब, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. त्या बटणाच्या पेटीला लोखंडी झाकण करा आणि कुलूप लावा. खाली उतरेल त्याच्याकडे चावी. तो वर येऊन स्वतः कुलूप काढेल तेव्हाच होडी चालेल. आणि असंच आकाशपाळण्याला, चक्रीला, सगळ्यांना."

मनहरभाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. "करतो," म्हणाले.

त्यांनी केलं. शेठला न विचारता, कडोदऱ्याच्या वेल्डरला बोलावून सगळ्या पेट्यांना झाकणं केली. लखन चावी कमरेच्या करदोड्याला बांधायचा. तो खड्ड्यात असला की सुंदरा निवांत आपला झाडू मारत असायची. एखादा नवा गडी पेटीशी जाऊन कुलूप हलवून बघायचा, वैतागून परत फिरायचा. ते बघून सुंदराला मनात कुठेतरी गार वाटायचं. भिकनलाही तिनं सांगितलं. त्यानं डोळे मिटून मान हलवली. त्या काळात तो थोडं जेवायला लागला होता.

मग शेठ थकला आणि त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला. मुंबईत शिकून आलेला, गाडी जोरात चालवणारा. उन्हाळ्याची सुट्टी होती. होडीपाशी रांग वाकडीतिकडी होऊन चक्रीपर्यंत गेली होती. लखन सकाळी खड्ड्यातून वर आला, काम झालं होतं, पण कुलूप काढायचं राहिलं आणि तो आकाशपाळण्यावर चढला. वर अडकला होता एक डबा, तो सोडवायला. चावी त्याच्या कमरेला. खाली लोक ओरडायला लागले. छोटे शेठ आले. चावी कुठाय? वर आहे. कोणाची चावी? फिटरची. माझ्या पार्काची चावी फिटरच्या कमरेला?

त्यांनी हातोडी मागवली. कुलूप दोन घावांत तुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुंदरा आडवी गेली, म्हणाली, "साहेब, आत माणूस असला तर?" छोटे शेठ होडीच्या बाजूला गेले आणि त्यांनी खड्ड्याच्या फळ्यांकडे बोट दाखवलं. फळ्या जागच्या जागी होत्या. "कहां है आदमी?" ते म्हणाले. आणि त्या दिवशी खरंच नव्हता. हेच तर दुखणं होतं. त्या दिवशी ते बरोबर होते, आणि बरोबर ठरल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळीच झाकणं कापून टाकायला लावली.

मनहरभाई तिथेच होते. ते रांग सरळ करायला लागले.

सुंदरा गप्प बसली नाही. वर्षाच्या शाळेतल्या शिक्षिका सुधाताई तिला ओळखत होत्या. भिकन खाटेला खिळला तेव्हा त्यांनी वर्षाला पुस्तकं दिली होती. सुंदरा त्यांच्याकडे गेली. सुधाताई शाळा सुटल्यावर तिला घेऊन एका सरकारी कचेरीत गेल्या. कारखान्यांतल्या मजुरांचं बघणारी कचेरी. तिथल्या साहेबानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, पार्क म्हणजे कारखाना नाही, इथे काही बनत नाही, आमच्याकडे येत नाही. त्यानं दुसरी कचेरी सांगितली. तिथे करमणुकीचा कर घेत. तिथला माणूस म्हणाला, आम्ही तिकिटं बघतो, पाळणे नाही. सुधाताईंचा आवाज चढला. "मग पाळण्यात चेंगरलेला माणूस कोणाकडे येतो?" तो माणूस ओशाळला आणि समोरची तिकिटांची वही उघडून बसला. परत येताना बसमध्ये सुधाताई म्हणाल्या, "आपण पुन्हा जाऊ." गेल्याही. तिसऱ्यांदा मात्र सुंदरानंच नको म्हटलं.

लखननं पार्क सोडला. पलसाण्याच्या डाइंगमध्ये लागला. उकळत्या रंगाच्या हौदांवर काम करायचं, धोका तिथेही काही कमी नव्हता. "पण मामी, तिथं काय भाजणार ते समोर दिसतं," तो म्हणाला. जाताना त्यानं भिकनच्या पायांना हात लावला. भिकनला ते कळलं नाही. सुंदरानं कानात सांगितलं तेव्हा त्यानं हात उचलला.

नवा फिटर मिळेपर्यंत खोली राहिली, पण त्यानंतर भिकन फार दिवस टिकला नाही. पाठीच्या जखमा भरेनात, ताप उतरेना. थंडीच्या दिवसांत, सकाळी सुंदरा चहा करत असताना तो गेला. तिनं कप घेऊन हाक मारली, एकदा, मग मोठ्यानं. बहिरा आहे म्हणून तिनं तिसऱ्यांदाही हाक मारली.

साक्रीहून दीर आले, लखन आला, पलसाण्याहून चार खान्देशी माणसं आली. दहावं-तेरावं कसंबसं उरकलं. पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी मनहरभाई खोलीच्या दारात आले. आता ते काठी घेऊन चालायचे. वर्षानं त्यांना खुर्ची दिली. ते बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"छोटे शेठनं सांगितलंय," ते म्हणाले. "खोली फिटरची हाय. नवीन फिटर येतोय. महिना अखेर दुसरीकडे बघा."

"बघते," सुंदरा म्हणाली. तिला नवल वाटलं नाही. खोली शेवटी जाणारच होती. तिच्यासाठी जे गिळलं ते मात्र आता बाहेर काढता येत होतं. ती म्हणाली, "साहेब, खोलीचं मी काही मागत नाही. एकच करा. वर्षा इथे आहे. तिला सांगा, त्या दिवशी बटण कोणी दाबलं."

वर्षा भांडी घासत होती, तिचे हात थांबले. मनहरभाईंनी सुंदराकडे बघितलं, मग मुलीकडे. वर्षा आता मोठी झाली होती, आईपेक्षा उंच. तिची नजर त्यांच्यावर रोखलेली होती आणि त्या नजरेत सुंदराला पहिल्यांदाच काहीतरी दिसलं. पोरीला ते ऐकायचं होतं. तिला तिची आई परत हवी होती.

"बेटा," मनहरभाई म्हणाले आणि थांबले. हातातली टोपी त्यांनी गोल फिरवली. ज्या माणसानं तिला स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं होतं, तो आता तिच्याकडे बघू शकत नव्हता. बाहेर जनरेटर सुरू झाला, खोलीचे पत्रे थरथरायला लागले. त्या आवाजात ते खरं बोलले असते तरी खोलीबाहेर कोणाला ऐकू गेलं नसतं. ते म्हणाले, "बनमाळीनं. बनमाळीनंच दाबलं, बेटा. पोलिसात लिहिलेलं हाय."

वर्षानं मान खाली घातली आणि पुन्हा भांडी घासायला लागली.

मनहरभाई उठले. दारात त्यांची काठी अडकली, सुंदरानंच ती सोडवून दिली. ते पार्काच्या दिशेनं गेले.

महिना अखेर मायलेकी लिंबायतला एका चाळीत राहायला गेल्या. सुंदरा साड्यांचे धागे कापायचं काम घरी आणायची. वर्षा शाळा सोडून एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात लागली. दोघी समोरासमोर बसून जेवायच्या. वर्षा आईला कधी उलट बोलली नाही, पगार आणून हातात द्यायची, आजारी पडली तर डोकं चेपायची. त्या दिवसाबद्दल मात्र तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. सुंदरानंही मग सांगायचं सोडून दिलं.